जुनी परदेशी गाडी घेताना आधी विक्रेता पारखा
(ऊस विकास विभागाकडून)



या पानावर आम्ही नेहमी बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा, पाचट कुजविणे, हुमणीचा बंदोबस्त असे विषय मांडतो. या वेळचा मथळा वाचून काही मंडळी हसतील. ऊस विकास अधिकाऱ्यास परदेशी स्पोर्ट कारमधले काय कळते, असा प्रश्न कोणी केला तर त्याचे उत्तर आम्ही आधीच देऊन ठेवतो. गाडीतले आम्हांस फारसे कळत नाही. परंतु गेल्या वर्षी आमच्या गटातील एका सभासदाबरोबर नवी मुंबईत पावणे येथे जाण्याचा योग आला. तिथे जे पाहिले ते सभासदांच्या कानावर घालणे आम्हांस जरूर वाटते, कारण असे व्यवहार आता आपल्या गावांतूनही होऊ लागले आहेत.

हे सभासद जुने आहेत. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. महामार्गाच्या रुंदीकरणात त्यांचा रस्त्याकडेचा सव्वा एकर गेला आणि मोबदला बँकेत जमा झाला. थोरला मुलगा पुण्यास नोकरीला. त्याने मोबाईलवर जाहिरात पाहिली: जर्मन बनावटीची, दोन दरवाजांची स्पोर्ट कार, एकोणीस हजार किलोमीटर चाललेली, किंमत ३८ लाख. नवी घ्यायची तर कोटीच्या पुढे. मुलाने घाईघाईने ५१ हजार रुपये विसार म्हणून फोनवरूनच पाठवून दिले, आणि मग वडिलांना सांगितले.

तात्या आमच्या गट ऑफिसात आले. म्हणाले, “साहेब, मी बैलं घेतली, ट्रॅक्टर घेतला, पण ह्यातलं मला काय उमजत न्हाई. चार माणसं संगं असली म्हंजे बरं.” तेव्हा कारखान्याच्या वाहन विभागातील एका अनुभवी फिटरना बरोबर घेऊन आम्ही चौघे निघालो.

पावणे हे गाव ठाणे-बेलापूर रस्त्यावर आहे. द्रुतगती मार्ग कळंबोलीस संपला की सायन-पनवेल रस्त्याने तुर्भ्यापर्यंत जायचे आणि उजवीकडे ठाण्याच्या बाजूस वळायचे. आपल्याकडचा कांदा, भाजीपाला ज्या बाजार समितीत उतरतो ती मार्केटे इथून जवळच. १९६० नंतरच्या दशकात एम.आय.डी.सी.ने ठाणे खाडीच्या पूर्वेकडील या पट्ट्यात कारखानदारी उभी केली. पुढे १९७० साली सिडको स्थापन झाली आणि भोवती नवी मुंबई वसली. त्याआधी इथे आगरी-कोळी मंडळींची भातशेती, मिठागरे आणि मासेमारी. आज गोदामे, रासायनिक कारखाने आणि मोटारींची वर्कशॉपे आहेत.

रस्त्याकडेच्या टपरीवर चहा घेताना तिथले एक वयस्क ग्रामस्थ बोलायला बसले. समोरच्या पत्र्याच्या शेडकडे बोट करून म्हणाले, “तिथं आमच्या बापाची भाताची खाचरं होती. जमिनीचा पैसा आला तसा गेला. कशात गेला तेही आता आठवत नाही.” तात्या काही बोलले नाहीत. पण चहा तसाच ठेवून ते त्या शेडकडे बघत राहिले, हे आमच्या लक्षात आले.

पहिले दुकान

पहिल्या दुकानात काचेच्या भिंती, थंडगार हवा, बसायला कोच, आल्या आल्या कॉफी. गाडी देखणी होती यात शंका नाही. डिकी पुढे आणि इंजिन मागे, हे पाहून तात्यांना मोठी गंमत वाटली. विक्रेत्याने किल्ली मुलाच्या हातात ठेवली आणि म्हणाला, “आज उरलेल्यातले निम्मे भरा, गाडी घेऊन जा. कागद मागून येतील.”

बेणे घेताना आम्ही सभासदांस नेहमी सांगतो की उसाची जाडी बघून भुलू नका. कोणाच्या मळ्यातले, कितव्या पिढीचे, लावणीचे की खोडव्याचे, ते आधी विचारा. को ८६०३२ म्हणून भलतेच बेणे गळ्यात पडलेले लोक आपल्या प्रत्येक गावात आहेत. इथेही आम्ही तोच धडा लावला. गाडी बाजूला ठेवली आणि विक्रेत्यालाच चार प्रश्न विचारले.

पहिला प्रश्न, गाडी आज कोणाच्या नावावर आहे? उत्तर मिळाले की ही ‘पार्क अँड सेल’ची गाडी आहे. म्हणजे मालक तिसराच; गाडी फक्त इथे विक्रीसाठी उभी. मालक परदेशात. आर.सी. बुक मोबाईलवरच्या फोटोत, तेही परराज्यातले. पार्क अँड सेल हा प्रकार स्वतः काही बेकायदा नव्हे. पण मालक समोर नाही, मूळ कागद समोर नाही आणि पैसे मात्र विक्रेत्याच्या खात्यावर, असे झाले की उद्या दोघेही एकमेकांकडे बोट दाखविणार.

दुसरा प्रश्न, जुन्या गाड्या विकण्याचे आर.टी.ओ.चे अधिकारपत्र आहे काय? ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली व ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. त्यानुसार नोंदणी झालेल्या जुन्या वाहनांचा व्यापार करणाऱ्यास नमुना २९-बी मधील अधिकारपत्र लागते. त्याची मुदत पाच वर्षे. मालकाने गाडी विक्रेत्याच्या ताब्यात दिली की नमुना २९-सी भरून तशी वर्दी द्यायची. तेव्हापासून त्या गाडीच्या बऱ्यावाईटाची जबाबदारी विक्रेत्यावर येते, आणि नाव बदलण्याचा किंवा ना हरकत दाखल्याचा अर्जही तोच करू शकतो. गाडी ट्रायलला किंवा दुरुस्तीला बाहेर काढली तर त्याची नोंद ठेवण्याचे बंधनही त्याच्यावर आहे. आमच्या या विक्रेत्याने “अर्ज केलाय, येईल आता” एवढेच सांगितले.

तिसरा प्रश्न, गाडी परदेशातून केव्हा आणि कशी आली? वापरलेली मोटार परदेशातून आणायची तर ती तयार होऊन तीन वर्षांहून अधिक काळ झालेला नसावा, स्टिअरिंग उजवीकडे असावे, आणि ती मुंबई बंदरातूनच उतरावी, असा सर्वसाधारण नियम आहे. (ऐतिहासिक मोलाच्या फार जुन्या गाड्यांची गोष्ट निराळी.) म्हणून उत्पादनाचे साल, आयातीची तारीख आणि पहिल्या नोंदणीची तारीख एकाखाली एक लिहून काढावीत. २०१२ सालची गाडी २०१८ साली जुनी म्हणून आयात झाली असे कोणी सांगितले, तर तिथेच उठावे. नवी असताना आलेली असो की जुनी, सीमाशुल्क भरल्याचा कागद, म्हणजे ‘बिल ऑफ एंट्री’, आणि त्यावरचा चासी नंबर पाहिल्याशिवाय पुढे बोलू नये.

यात किती धोका आहे ते पाहा. २०२१ साली महसूल गुप्तवार्ता संचालनालयाने परदेशी वकिलातींतील अधिकाऱ्यांच्या नावावर शुल्कमाफीत महागड्या गाड्या आणून त्या भलत्यांनाच विकणारी टोळी उघडकीस आणली. २०२५ च्या सप्टेंबरात केरळमध्ये सीमाशुल्क खात्याने, भूतानमार्गे बेकायदा आणल्याच्या संशयावरून, बऱ्याच गाड्या ताब्यात घेतल्या. त्यांत नामांकित सिनेनटांकडच्याही होत्या. मोठमोठ्यांच्या दारातून गाडी नेली जाते, तिथे आपला काय पाड? शुल्क चुकवले पहिल्याने, पण गाडी जाते शेवटच्याची.

चौथा प्रश्न, आमचा माणूस गाडी तपासील, आणि कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये आमच्या खर्चाने नेऊन दाखवू, चालेल काय? यावर विक्रेत्याचा चेहरा बदलला. “एवढा संशय असेल तर राहू द्या. मागे तीन गिऱ्हाइके थांबली आहेत,” असे तो म्हणाला.

तोवर आमचे फिटर गाडीजवळ गेलेच होते. त्यांनी टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचले. त्यांतील पहिले दोन आठवडा व पुढचे दोन साल सांगतात. चारही टायर गाडीपेक्षा पाच वर्षांनी नवे निघाले. एकोणीस हजार किलोमीटरला चारही टायर का बदलावे लागले, याचे उत्तर कोणापाशी नव्हते. मग त्यांनी सीटचा पट्टा धरला आणि गुंडाळीतून संपेपर्यंत सगळा बाहेर ओढला. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ उमटलेली होती. फिटर मुलाला एवढेच म्हणाले, “दादा, २०१९ च्या पुरानंतर अशा पन्नास गाड्या धुतल्यात मी.”

ज्यांच्या गाड्या महापुरात बुडाल्या त्यांना ही रेघ ओळखू येते. बाहेरून गाडी धुता येते, रंगवता येते, गालिचे बदलता येतात. पण पट्ट्याच्या मुळाशी, सीटच्या खालच्या रुळांत, डिकीच्या तळाशी गाळ राहतोच. परदेशी गाडीत तर सीटखाली, डॅशबोर्डमागे सगळीकडे इलेक्ट्रॉनिक पेट्या असतात. पाणी गेले की त्या आज चालतात आणि सहा महिन्यांनी एकेक बंद पडतात. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईस पूर आला तेव्हा हजारो गाड्या बुडाल्या, आणि अशा गाड्या धुऊनपुसून लांबच्या गावी विकल्या जातात. जिथे पूर आला तिथे गिऱ्हाईक सावध असते. म्हणून त्या आपल्याकडे येतात.

मुलाचा चेहरा उतरला. तात्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “चल बाबा.” विसाराची पावती नव्हती, होता तो फक्त मोबाईलवरचा निरोप. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या नंबरावर तक्रार नोंदविल्यावर दोन महिन्यांनी २५ हजार परत आले. बाकीचे गेले ते गेलेच.

दुसरे दुकान

त्याच दिवशी दुपारी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी गेलो. पत्र्याची साधी शेड, आत पाच-सहा गाड्या, टेबलावर फायली. भिंतीवर अधिकारपत्र लावलेले. आम्ही विचारण्याच्या आधीच दुकानदार एका गाडीकडे हात करून म्हणाला, “हिचा डावा दरवाजा रंगवलेला आहे. पार्किंगमध्ये घासला होता. बिल फायलीत आहे.” आमच्या फिटरनी रंगाची जाडी मोजणारे यंत्र मागितले, तर त्याने स्वतःच काढून दिले.

नंतर त्याने मुलाला विचारले, “गाडी ठेवणार कुठे?” मुलाने गावाचे नाव सांगितले. तेव्हा तो हसून म्हणाला, “मग ही घेऊ नका. हिचे पोट जमिनीपासून अर्धी वीत वर आहे. उसाच्या ट्रॉल्या चालतात त्या रस्त्याला दोन दिवसांत तळ फुटेल. आणि ब्रेक, टायर, विमा, वर्षाची सर्व्हिस यांचा खर्च आधी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये विचारून या. गाडी जुनी झाली म्हणून तिचे सुटे भाग जुन्या भावाने मिळत नाहीत.”

हातातले गिऱ्हाईक परत जाईल अशी गोष्ट जो आपण होऊन सांगतो, त्याच्याशी पुढचे बोलणे करायला हरकत नाही, असे आमचे मत त्या शेडमध्ये बनले. वडगावच्या बाजारात खिलार खोंड घेताना जुनी माणसे दात पाहत, चाल पाहत, पण त्याआधी विकणारा कोणत्या गावचा, कोणाचा कोण, हे काढून घेत. जो म्हणे, “मारका हाय थोडा, दावं धरून ऱ्हा,” त्याचाच बैल लोक घेत.

सांगायचा मुद्दा असा की, गाडीतली खोट ओळखण्याइतके ज्ञान आपणा सर्वांना येणे शक्य नाही. पण विक्रेता खोट दाखवतो की झाकतो, हे ओळखायला डिप्लोमा लागत नाही.

विसार देण्यापूर्वी

सभासदांच्या सोयीसाठी मुद्दे थोडक्यात देत आहोत. यांतले बहुतेक जुनी जीप, ट्रॅक्टर किंवा साधी मोटार घेतानाही उपयोगी पडतील.

१. विक्रेत्याचे नमुना २९-बी मधील अधिकारपत्र पाहावे, त्यावरील नाव व पैसे घेणाऱ्या खात्याचे नाव एकच आहे ना ते ताडून घ्यावे.

२. आर.सी. बुक मूळ पाहावे. सरकारच्या परिवहन पोर्टलवर किंवा मोबाईल ॲपवर गाडीचा नंबर घालून विमा, कर्जाचा बोजा व थकीत चलन तपासावे. बोजा असेल तर बँकेचा दाखला व नमुना ३५ मिळाल्याशिवाय रक्कम देऊ नये.

३. चासी नंबर सतरा अंकाक्षरांचा असतो. तो गाडीवर, आर.सी. बुकावर आणि आयातीच्या कागदावर असा तीन ठिकाणी एकच असला पाहिजे. गाडीवरील नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा. फोटोवर जाऊ नये.

४. परराज्यातली गाडी असेल तर तिथला ना हरकत दाखला (नमुना २८) आणि आपल्या राज्यातला कर यांचा खर्च किमतीत धरावा. बाहेरचा नंबर ठेवून गाडी इथे कायम वापरता येत नाही. बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास इथली नोंदणी करावी लागते.

५. सर्व्हिसचा इतिहास कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमधून मागवावा. मीटरचा काटा मागे फिरविता येतो, पण वर्कशॉपमध्ये लिहिलेला आकडा सहसा फिरत नाही. तपासणी तिथेच, आपल्या खर्चाने करावी. काही हजारांच्या तपासणीस जो आडकाठी करतो, तो लाखांचे काही लपवीत असण्याची शक्यता आहे.

६. नाव बदलण्याचे अर्ज (नमुना २९ व ३०) केव्हा दाखल होणार ते लिहून घ्यावे. कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत वर्दी द्यायची व घेणाऱ्याने ३० दिवसांत. विम्यावरील नाव १४ दिवसांत बदलण्यासाठी अर्ज करावा. नाही तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो.

७. रीतसर बिल घ्यावे. त्यावर किलोमीटर, झालेले अपघात, रंगकाम, आणि ‘गाडी पुरात बुडालेली नाही’ हे शब्द लिहून सही घ्यावी. पुढे वाद झाल्यास ५० लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करता येते, दोन वर्षांच्या आत. आणि तिथे तोंडी बोललेले फारसे टिकत नाही.

८. जुनी गाडी बदल्यात देताना नमुना २९-सी भरल्याशिवाय किल्ली सोडू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे की नोंदणीत ज्याचे नाव, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. विकलेल्या गाडीने अपघात केला तरी नाव आपले असल्यास भरपाई आपल्यावर येऊ शकते.

९. विसार द्यायचाच तर बँकेतून, थोडा, आणि ‘तपासणीत गाडी नापसंत झाल्यास पूर्ण परत’ अशी पावती घेऊन द्यावा.

शेवटी

तात्यांच्या मुलाने हौस सोडली नाही, आणि ती सोडावी असे आमचेही म्हणणे नव्हते. तीन महिन्यांनी त्याने त्याच पत्र्याच्या शेडमधून दुसरी, थोडी जुनी पण कागदांनी स्वच्छ अशी गाडी २२ लाखांस घेतली. कंपनीच्या वर्कशॉपचा तपासणी अहवाल आधी, विसार नंतर. थोडी रक्कम नाव बदलेपर्यंत राखून ठेवण्यास दुकानदार राजी झाला, आणि दीड महिन्यात आर.सी. बुक मुलाच्या नावावर आले. राहिलेल्या मोबदल्यातून तात्यांनी विहिरीवर ठिबक बसविले आणि उरलेले ठेवीत टाकले.

गाडी पुण्यातच असते. दिवाळीला मुलगा घेऊन आला, तेव्हा हंगाम सुरू झालेला. रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग, पाचटाचा आणि चिखलाचा रेंदा. त्याने गाडी कारखान्याच्या फाटकाशी, वजनकाट्यापलीकडे डांबरी जागेवर लावली आणि घरी गेला तो तात्यांच्या मोटारसायकलवर, मागे बसून. तात्या आम्हांस म्हणाले, “गाडी झ्याक हाय साहेब. फकस्त ऊस भरता येत न्हाई.”

पावण्याच्या त्या टपरीवरची गोष्ट मात्र ते अजून काढतात. उसाचा पैसा पुढच्या हंगामाला पुन्हा येतो. जमिनीचा पैसा एकदाच येतो. तो कोणाच्या हातात ठेवायचा याला एक दिवसाचा तपास फार नाही.

ज्या सभासदांना असा कोणताही व्यवहार करावयाचा असेल, त्यांनी विसार देण्यापूर्वी कागदांच्या झेरॉक्स घेऊन आपापल्या गट ऑफिसात यावे. गाडीची पारख करून देण्याचा आमचा दावा नाही. पण कोणते कागद कमी आहेत एवढे आम्ही निश्चित सांगू. कळावे.